एका रेणूतून करंट जातो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चिपवरच्या ट्रान्झिस्टरबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की काही शास्त्रज्ञ एकेका रेणूचाच डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा पार्ट) किंवा ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद, कमीजास्त करणारा पार्ट) करायच्या मागे आहेत. बाकीचा लेख राहिला बाजूला आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आली! म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. लांब प्रश्न थोडे छोटे केलेत, सारखे प्रश्न एकत्र घेतलेत.

प्रश्न : आम्हाला शिकवलंय की डायोडमध्ये पी आणि एन असे दोन भाग असतात आणि मध्ये जंक्शन असतं. एका रेणूत हे सगळं बसणार कुठे? आणि हे सुचलं कुणाला?
(इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : सुचलं १९७४ मध्ये, म्हणजे घराघरात कॅल्क्युलेटर पण नव्हते तेव्हा. आयबीएममधला आरिए अविराम न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मार्क रॅटनरकडे पीएचडी करत होता, त्या दोघांनी मिळून पेपर लिहिला. प्रयोग काही केला नव्हता, नुसतं गणित आणि एका रेणूचं डिझाईन. रेणूच्या एका टोकाला टीटीएफ नावाचा भाग, जो इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो, दुसऱ्या टोकाला टीसीएनक्यू, जो इलेक्ट्रॉन सहज घेतो, आणि मध्ये साध्या सिंगल बाँडचा छोटासा पूल.

तुझं पी आणि एन तिथेच आहे बघ. घेणाऱ्या बाजूने इलेक्ट्रॉन आत शिरायचा, पूल ओलांडायचा आणि देणाऱ्या बाजूने बाहेर पडायचा, असा प्रवास कमी व्होल्टेजवर होतो. उलटा प्रवास करायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे एका दिशेला करंट सोपा आणि दुसऱ्या दिशेला अवघड. मधला पूल मुद्दाम सिंगल बाँडचाच घेतला, कारण तिथे डबल बाँडची साखळी ठेवली असती तर दोन्ही टोकांचे इलेक्ट्रॉन एकमेकांत पसरले असते आणि दोन वेगळे भाग असे उरलेच नसते.

प्रत्यक्षात यायला मात्र फार वेळ लागला. १९९० च्या दशकात अलाबामात रॉबर्ट मेट्झगरच्या ग्रुपने रेणूंच्या एकाच थराची फिल्म करून तिच्यात असा एकतर्फी करंट दाखवला, पण ती फिल्म होती, एकटा रेणू नाही. एकट्या रेणूचा म्हणावा असा चांगला डायोड २०१५ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतून आला, सुलट दिशेला उलट दिशेपेक्षा २०० पटींहून जास्त करंट. गंमत म्हणजे त्यांनी रेणू दोन्हीकडून सारखाच घेतला होता! फरक केला तो बाहेर, एक इलेक्ट्रोड अगदी छोटा आणि दुसरा मोठा ठेवून आणि भोवती आयन असलेलं द्रावण ठेवून. सिलिकॉनच्या साध्या डायोडमध्ये हेच प्रमाण लाखांच्या घरात असतं, त्यामुळे २०० ऐकून तुला कमी वाटेल, पण त्याआधी एकट्या रेणूला मोठ्या मुश्किलीने दहाच्या आसपास जमत होतं.

प्रश्न : ताई, रेणू तर दिसत पण नाही, मग त्याला वायर कशी लावतात? चिमट्याने धरून तर लावता येणार नाही ना. आणि करंट एकाच रेणूतून गेला, दोन-चार रेणूंमधून नाही, हे कसं कळतं?
(बारावी सायन्स, सांगली)

उत्तर : तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून खूप बरं वाटलं, कारण या विषयातली निम्मी भांडणं त्याच्यावरच झालीत. निवांत सांगते.

आधी साईज लक्षात घे. बेंझिनच्या एका रिंगला दोन टोकांना एकेक गंधकाचा अणू लावला की जो रेणू होतो त्याची लांबी एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण भरत नाही. आपल्याकडचं कुठलंही मशीन दोन वायर एवढ्या जवळ आणून मध्ये अगदी तेवढीच जागा सोडू शकत नाही, म्हणून लोकांनी उलटा विचार केला, की दोन वायर जवळ आणायच्या नाहीत, एकच वायर ताणून तोडायची.

सोनं ताणलं जातं हे तुला माहितीये. सोन्याची बारीक तार हळूहळू ताणली की मधे ती बारीक बारीक होत जाते, एकतारी पाक बघताना दोन बोटांत जशी तार येते तशी, आणि शेवटी एका क्षणी मध्ये सोन्याचा फक्त एक अणू उरतो. हे डोळ्यांनी बघून कळत नाही, करंटवरून कळतं. एक अणू उरला की रेझिस्टन्स बरोब्बर १२.९ किलोओहमच्या आसपास येऊन थांबतो, कारण ती किंमत निसर्गातल्या स्थिरांकांवरून ठरते, इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि प्लँकचा स्थिरांक, बस. मग अजून थोडं ताणलं की तार तुटते आणि दोन टोकांमध्ये एक नॅनोमीटरपेक्षा कमी फट पडते. आजूबाजूला आपल्याला हवे ते रेणू द्रावणात सोडून ठेवलेले असतात, त्यांच्या टोकांना गंधक लावलेला असतो आणि गंधकाची सोन्याशी पक्की दोस्ती, त्यामुळे एखादा रेणू आपणहून त्या फटीत दोन्ही टोकांना चिकटतो. म्हणजे आपण वायर रेणूला लावत नाही, रेणू वायरला येऊन लागतो.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या मार्क रीडने, जेम्स टूर या केमिस्टबरोबर, मी वर सांगितला तोच बेंझिनचा रेणू अशा तोडलेल्या सोन्याच्या तारेत अडकवून करंट मोजला. सगळीकडे त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण मग दुसऱ्या लॅब्जनी त्याच रेणूचा रेझिस्टन्स मोजला तेव्हा आकडे जुळेनात, पाच-दहा टक्क्यांचा नाही तर कित्येक पटींचा फरक. आणि तुझा प्रश्न तिथेच उभा राहिला, फटीत एक रेणू होता की तीन होते? नीट उभा होता की आडवा पडला होता? गंधक सोन्याच्या एका अणूला चिकटला होता की दोन-तीन अणूंच्या मधल्या खोबणीत बसला होता?

यावर उत्तर २००३ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतून आलं, नोंगजियान ताओ आणि बिंगचियान शू यांच्याकडून, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे. त्यांनी एकदाच मोजून थांबायचं सोडूनच दिलं. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप घेतला, हा झुरिकच्या आयबीएम लॅबमध्ये १९८१ मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी शोधला आणि त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते मशीन. त्याची सोन्याची टोकदार सुई सोन्याच्या पत्र्यात टोचायची, ओढून बाहेर काढायची, मधली तार तुटेपर्यंत करंट लिहून घ्यायचा, परत टोचायचं, परत ओढायचं. असं हजारो वेळा, आपोआप. प्रत्येक वेळी ग्राफ थोडा वेगळा येतो पण सगळ्या ग्राफचा एकत्र हिस्टोग्राम, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आला त्याचा आलेख, काढला की ठराविक ठिकाणी टेकडी दिसते. त्यांनी बायपिरिडिन नावाचा रेणू घेतला होता, त्याची पहिली टेकडी सोन्याच्या एका अणूतून जाणाऱ्या करंटच्या साधारण शंभराव्या हिश्श्यावर आली आणि पुढच्या टेकड्या तिच्या दुप्पट आणि तिप्पट जागी. दुप्पट म्हणजे दोन रेणू शेजारी शेजारी, तिप्पट म्हणजे तीन. म्हणजे सगळ्यात खालची टेकडी एका रेणूची! एक रेणू आहे हे दिसलं नाही, मोजून कळलं.

आणि पुढे एक सुधारणा झाली ती पण ऐक. लता वेंकटरमण तेव्हा कोलंबियात होत्या, त्यांच्या ग्रुपने गंधकाऐवजी टोकाला अमिन म्हणजे नायट्रोजनवाला गट लावला. अमिन सोन्याला जरा ढिला चिकटतो आणि जवळजवळ एकाच पद्धतीने चिकटतो, त्यामुळे टेकड्या एकदम अरुंद आणि स्पष्ट यायला लागल्या. गंधकाची पकड जास्त घट्ट, पण तो दहा प्रकारे पकडतो, म्हणून आकडे पसरतात. त्या केमिस्ट्रीच्या फरकाने सगळ्या विषयाचा गोंधळ कमी झाला, बारावीच्या केमिस्ट्रीचा कंटाळा आला की हे आठव.

प्रश्न : एका रेणूला ओहमचा नियम लागू पडतो काय? तारेची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो असे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. रेणूची लांबी दुप्पट केली तर काय होईल?
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : गुरुजी, तुम्ही शिकवलंत ते तारेसाठी शंभर टक्के खरं आहे. तारेत इलेक्ट्रॉन पावलोपावली धडकत जातो, त्यामुळे जेवढी लांबी तेवढा रोध. छोट्या रेणूत तो धडकत नाही, बहुतेक वेळा तो टनेलिंगने पार होतो, म्हणजे मध्ये ऊर्जेचा अडथळा असूनही पलीकडे निघतो. तिथे हिशोब गुणाकाराचा असतो. साध्या कार्बनच्या साखळीत, मेणात असते तशा, एक कार्बन वाढवला की करंट साधारण अडीच-तीन पटींनी कमी होतो. चार कार्बन वाढवले की जवळपास पन्नास पट. चार कार्बनची साखळी आठची केली म्हणजे लांबी झाली दुप्पट आणि रोध पन्नास पट! हेच घातांकाने कमी होणं १९७१ मध्ये मान आणि कून या दोघांनी फॅटी ॲसिडच्या थरांवर मोजून दाखवलं होतं, तेव्हा एकटा रेणू कुणाच्या हाताला लागत नव्हता. साखळी फारच लांब केली, अनेक नॅनोमीटर, आणि ती डबल बाँडची असेल तर मात्र इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो आणि परत तुमच्या नियमाच्या जवळ येतो.

आता तुम्हाला आवडेल असं अजून एक सांगते असं म्हणणार होते तेवढ्यात लक्षात आलं की दोन आहेत. पहिलं, रेणू पिळला तर करंट कमी होतो. बायफिनाईल म्हणजे बेंझिनच्या दोन रिंग एका बाँडने जोडलेल्या, त्या दोन्ही एका पातळीत सपाट असल्या तर करंट जास्त आणि एकमेकींशी कोन करून वळलेल्या असल्या तर कमी. वेंकटरमण यांच्या ग्रुपने २००६ मध्ये वेगवेगळ्या कोनांचे असे रेणू घेऊन मोजले आणि करंट कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलतो हे दाखवलं. सपाट असताना दोन्ही रिंगांचे इलेक्ट्रॉनचे ढग एकमेकांवर येतात, काटकोनात आले की येत नाहीत.

दुसरं, बेंझिनच्या रिंगला वायर समोरासमोरच्या कार्बनला जोडल्या, ज्याला पॅरा म्हणतात, तर करंट चांगला जातो, आणि एक कार्बन सोडून जोडल्या, म्हणजे मेटा, तर कित्येक पटींनी कमी, जरी मेटाचं अंतर जवळचं असलं तरी! कारण इलेक्ट्रॉन लाट म्हणून रिंगच्या दोन्ही बाजूंनी जातो आणि मेटाला त्या दोन लाटा एकमेकींना खोडतात. यंगचा दोन फटींचा प्रयोग तुम्ही शिकवला असणारच, तीच गोष्ट इथे अर्ध्या नॅनोमीटरच्या रिंगमध्ये होते. जवळचा रस्ता जास्त रोधाचा निघतो हे तारेच्या जगात कुठे बघायला मिळणार!

प्रश्न : माझ्या मोबाईलला ओलेड स्क्रीन आहे, त्यात पण सेंद्रिय रेणूच असतात ना? मग हे आधीच बाजारात आलं असं म्हणायचं का?
(वाचक, लातूर)

उत्तर : नाही, ते वेगळं. ओलेडमध्ये रेणूंची फिल्म असते, काही दहा ते शेकडो नॅनोमीटर जाड, आणि एकेका पिक्सेलमध्ये अब्जावधी रेणू मिळून काम करतात. एखादा खराब झाला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे सगळी जबाबदारी एकट्यावर आहे.

प्रश्न : आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. ३ नॅनोमीटरची चिप आली म्हणतात, मग रेणू १ नॅनोमीटरचा म्हणजे पुढची पायरी तीच ना? किती वर्षांत येईल?
(दुकानदार, अकोला)

उत्तर : भाऊ, आधी तो ३ चा आकडा बाजूला ठेवा. ते पिढीचं नाव आहे, चिपमध्ये कुठलीही गोष्ट मोजून ३ नॅनोमीटरची असेल असं नाही, शेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट चालू-बंद करणारा पाय) अंतर अजून चाळीस-पन्नास नॅनोमीटर आहे. म्हणजे जागा कमी करायला वाव आहे हे खरं, पण रेणूचं घोडं जागेवर अडलेलं नाहीये.

अडलंय ते जोडावर, आणि तुम्ही रोज सोल्डरिंग करता त्यामुळे तुम्हाला हे लगेच पटेल. रेणू सगळे एकसारखे असतात, अगदी तंतोतंत, कारखान्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टर इतके सारखे कधीच नसतील. केमिस्ट एका चमच्यात कोट्यवधी कोटी एकसारखे पार्ट बनवून देतो, यावरच तर सगळ्यांचा जीव जडला. पण रेणू आणि धातू यांच्यातला जोड दर वेळी वेगळा, आणि रेणू एवढा लहान की जोडातला एक अणू सरकला तरी करंट बदलतो. नेहमीच्या तापमानाला सोन्याचे अणू सरकतातच. लॅबमध्ये हजारो वेळा मोजून सरासरी काढता येते, पण तुमच्या फोनमधल्या प्रोसेसरला सरासरी चालत नाही, त्याला प्रत्येक पार्ट पहिल्यांदाच बरोबर चालायला हवा आणि वर्षानुवर्षं चालायला हवा.

काय काय करून झालंय ते सांगते म्हणजे अंदाज येईल. २००७ मध्ये कॅलटेकच्या जेम्स हीथ आणि यूसीएलएच्या फ्रेझर स्टोडार्ट यांनी एक लाख साठ हजार बिटची मेमरी बनवली, बारीक तारांची जाळी आणि प्रत्येक छेदात रोटॅक्सेन नावाच्या रेणूंचा छोटा गठ्ठा. त्या रेणूत एक रिंग दांड्यावर इकडून तिकडे सरकते आणि त्यावरून शून्य की एक ते ठरतं. दाटी जबरदस्त होती, चौरस सेंटीमीटरला शंभर अब्ज बिट. पण बरेच बिट खराब निघाले आणि जे चालले ते मोजक्या वेळा बदलून बंद पडले. स्टोडार्टना पुढे २०१६ मध्ये रेणूंच्या मशीनसाठी नोबेल मिळालं, मेमरी मात्र बाजारात आली नाही. २००९ मध्ये रीड आणि कोरियातल्या ताखी ली यांच्या ग्रुपने खरा तीन पायांचा ट्रान्झिस्टर दाखवला, गेटला व्होल्टेज देऊन एका बेंझिनच्या रेणूतला करंट कमीजास्त केला, पण तो उणे २६९ अंशाला! एवढी थंडी फोनमध्ये कुठून आणणार.

मला स्वतःला आशा वाटते ती २०१६ च्या पेकिंग युनिव्हर्सिटीच्या कामावरून. त्यांनी सोनं काढूनच टाकलं, ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाड थराच्या, दोन टोकांना रेणू पक्क्या रासायनिक बाँडने जोडला आणि मधला रेणू असा घेतला की प्रकाश पाडला की चालू, दुसऱ्या रंगाचा पाडला की बंद. शंभराहून जास्त वेळा चालू-बंद झाला आणि वर्षभर टिकला. तुमच्या पंख्याच्या स्विचपुढे शंभर म्हणजे काहीच नाही, पण जोड पक्का केला की रेणू टिकतो हे त्याने दाखवलं. मुद्दा तिथेच होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाला वर्षाचा आकडा मी देत नाही. प्रोसेसरच्या आधी हे सेन्सरमध्ये येईल असं मला वाटतं, कारण तिथे जोडाच्या डुगडुगीतूनच काम करून घेता येतं. २०२२ मध्ये अमेरिकेत एका सिलिकॉन चिपवर साधारण १६ हजार सेन्सर बसवलेले दाखवले, प्रत्येकात दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्रोटीनच्या जातीचा एक लांब रेणू पुलासारखा, त्याच्यावर डीएनए किंवा एन्झाइम बसवायचा आणि तो काम करताना करंट कसा हलतो ते वाचायचं. आजाराच्या तपासणीला असं काही आलं तर मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. बेल लॅब्जमध्ये याच विषयात मोठा घोटाळा झाला होता असं इथले जुने लोक सांगतात. तो काय होता? आणि मग आत्ताचे आकडे तरी खरे कशावरून?
(वाचक, एडिसन)

उत्तर : तुमच्यापासून फार लांब नाही, मरे हिलच्या बेल लॅब्जची, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या नावाजलेल्या संशोधन संस्थेची गोष्ट. यान हेंड्रिक शोन हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ तिथे होता, २००१ च्या सुमारास आठवड्याला एक पेपर निघेल इतका त्याचा वेग, आणि त्यातच एका रेणूच्या थराचा ट्रान्झिस्टर उत्तम चालतो, अगदी एकेकट्या रेणूचा पण चालतो असे दावे. सायन्स मासिकाने त्या वर्षीचं सर्वात मोठं यश म्हणून रेणूंच्या सर्किटचं नाव घेतलं होतं, त्यात त्याचंही काम धरलं होतं. जगभरच्या लॅब्जनी ते करून बघायला घेतलं, पीएचडीच्या पोरांची वर्षं गेली, कुणालाही जमेना.

सापडला तो आवाजावरून. मोजमापात नेहमी थोडा खरखराट असतो, नॉइज, आणि तो दर वेळी वेगळा असायलाच हवा. २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्युएन यांना दिसलं की वेगवेगळ्या पेपरमध्ये, वेगवेगळ्या उपकरणांच्या ग्राफवर नॉइज अगदी एकसारखा आहे. स्टॅनफर्डच्या माल्कम बीस्ली यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाले, मूळ डेटाच्या फाइल्स पुसलेल्या निघाल्या. सप्टेंबर २००२ मध्ये त्याला काढलं, पेपर मागे घेतले गेले. सहलेखकांवर गैरप्रकाराचा ठपका आला नाही, पण एवढ्या जणांची नावं असून कुणी मूळ डेटा मागितला नाही हे मला आजही खटकतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सांगलीच्या मुलीला दिलंय तेच. शोनच्या पेपरात एकेक सुंदर ग्राफ असायचा. आता एकेका ग्राफवर कुणी विश्वास ठेवत नाही, हजारो ग्राफचा हिस्टोग्राम दाखवावा लागतो, वाकडेतिकडे आलेले पण त्यात धरून, आणि दुसऱ्या लॅबला तीच टेकडी त्याच जागी मिळावी लागते. बायपिरिडिनचं बघा, कित्येक देशांत मोजून झालंय आणि मिळतं.

प्रश्न : एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. भारतात यावर काम चालतं का, की बाहेरच जावं लागेल? आमच्या कॉलेजात तर मायक्रोस्कोप पण साधाच आहे.
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : चालतं, आणि चांगलं चालतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या श्रीतोष गोस्वामी यांच्या ग्रुपचा पेपर नेचरमध्ये आला. रुथेनियम या धातूच्या कॉम्प्लेक्सची फिल्म, आणि तिच्यात शून्य-एक असे दोनच नाही तर १६,५२० वेगवेगळे कंडक्टन्सचे (करंट किती सहज जातो त्याचे) टप्पे ठेवता येतात, म्हणजे १४ बिट. एआयला जी गुणाकारांची रास लागते ती अशा मेमरीत जागच्या जागी करता येते. हा एकटा रेणू नाही, फिल्म आहे, हे नीट लक्षात ठेव, पण फिल्म काम करते ती त्यातला रेणू कसा इलेक्ट्रॉन घेतो आणि शेजारचे आयन कसे सरकतात त्यावर, म्हणजे डिझाईन केमिस्टचंच.

आणि म्हणूनच साध्या मायक्रोस्कोपचं वाईट वाटून घेऊ नकोस. टोकाला कुठला गट लावायचा, रिंग सपाट ठेवायची की वळवायची, पूल किती लांब, हे सगळं सिंथेसिसवाल्याच्या हातात असतं, आणि मोजणाऱ्या लॅब्ज स्वच्छ रेणू बनवून देणाऱ्या माणसाच्या शोधातच असतात. मोजायचं शिकायचं असेल तर आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सी इथे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम आहे, त्यातून बाहेरच्या कॉलेजच्या लोकांना त्यांच्या लॅबमध्ये ट्रेनिंग मिळतं आणि स्वतःचं सॅम्पल पण करता येतं, त्यांच्या वेबसाईटवर पुढची तारीख बघ आणि तुमच्या गाईडना घेऊनच अर्ज कर. तोपर्यंत एक काम घरबसल्या होतं, बेंझिन, बायफिनाईल आणि बायपिरिडिन हे तीन रेणू घेऊन हुकेल पद्धतीने त्यांचे ऑर्बिटल हाताने काढ, मेटाला करंट का खोडला जातो ते त्या मॅट्रिक्समध्येच दिसतं. अडलं तर वही स्कॅन करून पाठव.